दोन नावांचं तिकीट

बुधवारच्या बाजाराला मी जाते ती मेथी आणि शेपूसाठी. पण पिशवी भरली की घराकडे निघायच्या आधी पाय जुन्या सामानाच्या ओळीकडे वळतात. गोदावरीच्या, आमच्या नाशकात म्हणतात तसं गंगेच्या, काठानं गोणपाटं अंथरून मांडलेले पितळी अडकित्ते, एका काचेचे चष्मे, रेडिओची बटणं, कुलुपं हरवलेल्या किल्ल्यांचे जुडगे. सिंहस्थाच्या कामांसाठी घाटावर खणाखणी चालू आहे, त्यामुळे यंदा ही ओळ जरा आडबाजूला सरकली आहे आणि सगळ्या वस्तूंवर सिमेंटची बारीक भुकटी बसलेली असते. ओळीच्या टोकाला एक जण नाणी आणि पोस्टाची तिकिटं घेऊन बसतो. तिकिटं लहान लहान प्लास्टिकच्या पाकिटांत, वर मार्करनं लिहिलेला भाव. त्या दिवशी सातवी-आठवीतला एक मुलगा उकिडवा बसून एकेक पाकीट उजेडात धरून बघत होता. एका पाकिटाशी तो थांबला. आत लाल रंगाचं एक आण्याचं तिकीट होतं. त्यावर सहाव्या जॉर्जचं डोकं, इंग्रजीत 'इंडिया पोस्टेज', आणि या सगळ्यावरून काळ्या शाईत आडवा गेलेला आणखी एक इंग्रजी शब्द, 'पाकिस्तान'.

"काका, याच्यावर इंडिया पण आहे आणि पाकिस्तान पण. असं कसं?"

"चुकलेला माल आहे तो," विकणारा म्हणाला. "छापताना गडबड झाली. म्हणून तर भाव जास्त."

मुलाला ते पटलं. त्यानं पाकीट होतं तिथं ठेवलं, हात पँटला पुसले आणि आईची हाक आली तसा पळाला. मी पिशवी धरून तिथंच उभी होते. ते तिकीट चुकलेलं नाही, जाणूनबुजून तसं छापलेलं आहे आणि इथून आठ-नऊ किलोमीटरवर नाशिकरोडला छापलेलं आहे, हे मला माहीत होतं. मी पंचवीस वर्षं शाळेत इतिहास शिकवते. तरीही माझं तोंड उघडलं नाही. घरी येऊन मेथी निवडताना काड्या कुठल्या आणि पानं कुठली याचं भान राहिलं नाही, आणि पुढचे आठ दिवस तो मुलगा माझ्या डोक्यातून जाईना. एवढी साधी गोष्ट सांगताना मला कुणी अडवलं होतं?

माझे आजोबा प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला 'प्रेस' एवढं म्हटलं की पुरतं. जेल रोडवरच्या त्या लांबलचक भिंतीच्या आत तिकिटं, नोटा, स्टॅम्पपेपर, पासपोर्ट छापले जातात, आणि भिंतीच्या बाहेर तीन-चार पिढ्या भोंग्याच्या वेळेवर जेवल्या-झोपल्या. आप्पा तिकिटांच्या बाजूला, मोजणीत होते. छापून आणि भोकं पाडून आलेले ताव मोजायचे, डाग पडलेला किंवा छपाई सरकलेला ताव वेगळा काढायचा. ती सवय बोटांतच भिनली होती. घरी रद्दी बांधतानासुद्धा ते अंगठ्यानं कडा उलगडत पुटपुटत मोजायचे, आणि आमच्या वहीत दोन पानं कमी भरली तर ती दुकानात परत न्यायला लावायचे. कामावरून सुटताना झडती व्हायची. ती इतकी अंगवळणी पडली होती की निवृत्तीनंतरही संध्याकाळी फिरून आले की दारात उभे राहून सदऱ्याचे दोन्ही खिसे बाहेर काढायचे आणि मगच आत यायचे. आजी म्हणायची, "अहो, आता कोण बघतंय?" ते खिसे आत सारायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शाईचा वास मात्र त्यांच्या अंगाला मी कधी घेतला नाही. साबणाचा यायचा, हमाम साबणाचा. प्रेसमध्ये आज काय झालं हे या माणसानं घरात कधीही सांगितलं नाही.

एकदाच सांगितलं. मी नववीत होते आणि तिकिटं जमवायचा नाद लागला होता. मैत्रिणीच्या मामाकडून स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट मिळालं. साडेतीन आण्यांचं, त्यावर फडकणारा तिरंगा आणि देवनागरीत 'जय हिंद'. ते घेऊन मी आप्पांकडे धावत गेले आणि विचारलं, हे तुम्ही मोजलं होतंत? त्यांनी तिकीट तळहातावर घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि चित्राकडे न बघता आधी भोकांची कड बघितली. मग म्हणाले, "याच्या आधी त्यांचं काम होतं. ते उरकून दिलं. मग हे." मी विचारलं, कुणाचं? "त्यांचं," एवढंच म्हणाले आणि पानाचा डबा पुढे ओढला.

मला वाटलं, कुठल्या तरी साहेबाचं काम असेल.

पुढे कितीतरी वर्षांनी, आप्पा गेल्यावर, तारखा शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा उलगडा झाला. 'जय हिंद'चं तिकीट निघालं २१ नोव्हेंबर १९४७ ला. त्याआधी १ ऑक्टोबर १९४७ पासून पाकिस्तानच्या पोस्टात जी तिकिटं विकली गेली, ती होती हिंदुस्थानचीच, राजाच्या डोक्याची, आणि त्यांच्यावर 'पाकिस्तान' हा शब्द नाशिकच्या प्रेसमध्ये दुसऱ्यांदा छापलेला. तीन पैंपासून वरपर्यंत एकूण १९ किमतींची तिकिटं. म्हणजे आप्पांच्या त्या तुटक वाक्यातलं 'त्यांचं' म्हणजे पाकिस्तानचं. वाटणी झाली, आणि नाशिकरोडच्या कामगारांनी आधी वेगळ्या झालेल्या घराचं काम करून दिलं. त्यानंतर स्वतःच्या झेंड्याला शाई लावली.

आधी त्यांचं, मग आपलं.

१४ ऑगस्टच्या मध्यरात्रीचं भाषण आपल्याला पाठ असतं, वर्गात मुलं ते हातवारे करून म्हणतात. पण दुसऱ्या दिवशी कराचीत पत्र टाकायला गेलेल्या माणसानं पाकिटाला कुठलं तिकीट लावलं असेल? राजाचंच. नाशकातल्या माणसानंही राजाचंच लावलं. देश दोन झाले होते, तिकीट एकच होतं. त्या दिवसांत तिकडच्या काही पोस्टांनी आपापले रबरी शिक्के करून घेतले आणि जुन्या तिकिटांवर हातानं 'पाकिस्तान' उठवलं. कुठं वाकडं, कुठं उलटं, कुठं जांभळ्या शाईत. त्या शिक्क्यांची चित्रं मी पाहिली आहेत. एक कारकून शिक्का शाईत बुडवतो आणि तावावरच्या एकेका राजाच्या कपाळावर ठोकत जातो. देश स्थापन होताना त्याचा आवाज कसा येत असेल, तर माझ्या मते असा. टक, टक, टक.

असं का करावं लागलं याचं उत्तर साधं आहे, आणि त्या साधेपणाचंच मला वाटत राहतं. टेबलं, खुर्च्या, टंकलेखनयंत्रं यांची वाटणी झाली. पण छापखान्याचे दोन तुकडे करता येत नाहीत. यंत्र उचलून नेता येईल एक वेळ. पण शाई किती पातळ हवी, पावसाळ्यात कागद किती फुगतो, पहिल्या छपाईवर दुसरी छपाई नेमकी कशी बसवायची, हे ज्या हातांना कळतं ते हात फाळणीच्या यादीत कसे लिहिणार? ते शहाणपण जमायलाही वेळ लागला होता. १८५५ पासून आपली तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जायची आणि बोटीनं यायची. नाशिकरोडला छपाई सुरू झाली १९२५ मध्ये. नोटांचा छापखाना १९२८ चा, आणि तिथली पहिली नोट पाच रुपयांची. म्हणजे १९४७ मध्ये या गावाच्या हातात जेमतेम बावीस वर्षांची विद्या होती. तिच्यावर दोन देशांचं टपाल चाललं. पाकिस्ताननं स्वतःची चित्रं असलेली तिकिटं काढली ती ९ जुलै १९४८ ला, आणि ती छापून आणली लंडनहून, त्याच डी ला रू कंपनीकडून. शेजारच्या गावात होणारं काम पुन्हा समुद्रापलीकडे गेलं. हे वाचलं त्या दिवशी मला विनाकारण वाईट वाटलं होतं.

नोटांचीही तीच गोष्ट. पाकिस्तानची स्टेट बँक उभी राहीपर्यंत, म्हणजे १ जुलै १९४८ पर्यंत, तिकडची नोटही आपली रिझर्व्ह बँकच बघत होती. १ एप्रिल १९४८ पासून ज्या नोटा तिकडे चालू झाल्या, त्या आपल्याच, राजाच्या चित्राच्या. फक्त पांढऱ्या भागात वर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि खाली उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान'. एक रुपयाची सोडली तर त्यांच्यावर सही रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची, म्हणजे चिंतामणराव देशमुखांची. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या मराठी माणसाची सही पाकिस्तानच्या पहिल्या नोटांवर आहे. पेशावरचा फळवाला आणि ढाक्याचा कोळी या सहीवर विश्वास ठेवून माल देत होते. हे मी वर्गात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून "मॅडम, खरंच?" असा आवाज आला होता. त्याच्या स्वरात आनंद होता की राग, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि इथंच माझ्या मुकेपणाचं मूळ असावं. जानेवारी १९४८ मध्ये ५५ कोटींचा वाद पेटला होता. त्यावरून कोण काय म्हणालं, ३० जानेवारीला काय झालं, आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या गावागावांत काय झालं, हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही. मी तारखांकडे पुन्हा बघते. नोटा एप्रिलमध्ये बाजारात आल्या, म्हणजे त्यांची छपाई त्या हिवाळ्यातलीच. एकीकडे पाकिस्तानला पैसे द्यायचे की नाही यावरून देश फाटत होता, आणि त्याच महिन्यांत जेल रोडच्या भिंतीआड नाशिकची माणसं पाकिस्तानच्या नोटांवर शाई चढवत होती. संध्याकाळी खिसे उलटे करून, झडती देऊन गल्लीत परतत होती. गल्लीत काय सांगायचं? कुणाला? आप्पा तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचे असतील. त्यांचं गप्प राहणं मी आयुष्यभर नोकरीची शिस्त समजत आले. आता वाटतं, त्यात थोडी भीतीही असेल. आणि एकदा मुरलेली भीती घरातल्या माणसांकडेही येते, खिसे उलटे करायच्या सवयीसारखी. बाजारात त्या मुलासमोर मी आजूबाजूला बघितलं होतं. हो, बघितलं होतं. पाकिस्तान हा शब्द चारचौघांत मोठ्यानं उच्चारायचा, आणि त्याबद्दल चांगलं काही सांगायचं, तर माणूस आधी आजूबाजूला बघतो.

देवळाली कॅम्पात माझी एक मैत्रीण आहे. कॉलेजपासूनची, कापडाचं दुकान चालवते. तिचं घराणं सिंधमधलं, फाळणीनंतर देवळालीला आलेलं. बाजारातली गोष्ट मी तिला फोनवर सांगितली तर ती म्हणाली, "ये इकडे, तुला एक दाखवते." दुकान बंद झाल्यावर आम्ही वरच्या मजल्यावर बसलो. खालून कोऱ्या कापडाचा खळीचा वास येत होता. तिनं झुलेलालच्या तसबिरीमागून एक पाकीट काढलं. तपकिरी पडलेलं, घड्यांवर विरलेलं. पोस्टाचा शिक्का हैदराबाद सिंधचा, १९४८ मधला. आणि कोपऱ्यात दीड आण्याचं जांभळट तिकीट. राजाचं डोकं, इंडिया, आणि वरून काळ्या अक्षरांत पाकिस्तान.

मी ते पाकीट मांडीवर घेऊन बसले. तिच्या दादीला ते निर्वासितांच्या छावणीत आलं होतं, सिंधमध्ये मागं राहिलेल्या शेजारणीकडून. ते तिकीट नाशिकरोडला छापलं गेलं, मोजलं गेलं, गाडीत चढलं, सिंधला पोचलं. तिथं कुणी तरी ते जिभेला लावून पाकिटावर चिकटवलं, आणि ते पुन्हा इथं आलं, जिथून निघालं तिथून दहा किलोमीटरच्या आत. तो ताव आप्पांच्या अंगठ्याखालून गेला असेल असं म्हणायचा मोह मला आवरला नाही आणि मी ते म्हटलं. मैत्रिणीनं माझ्या हातावर हात ठेवला. बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

मग मी विचारलं, आत काय लिहिलंय? तिनं पत्र उलगडलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, निळ्या शाईचं, उजवीकडून डावीकडे जाणारं. "मला वाचता येत नाही," ती म्हणाली. "पप्पा अडखळत वाचायचे. दादी वाचायची तेव्हा मधेच हसायची, मधेच थांबायची. आम्ही कधी विचारलं नाही काय म्हणून." सिंधीची ती ५२ अक्षरांची लिपी इंग्रजांनी १८५३ मध्ये ठरवून दिली. त्याआधी सिंधमध्ये हिंदू व्यापाऱ्यांच्या वेगळ्या लिप्या होत्या, मुनशी-मौलवींच्या वेगळ्या. एका सरकारनं आज्ञा काढली आणि दोन पिढ्यांत शाळा, कचेऱ्या, वर्तमानपत्रं सगळं त्या अक्षरांत आलं. मग फाळणी झाली आणि इकडे आलेल्या सिंध्यांमध्ये वाद पेटला, हीच लिपी ठेवायची की देवनागरी घ्यायची. १९६७ मध्ये सिंधी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. भाषेला मान मिळाला, लिपी दोन्ही चालू राहिल्या, आणि पोरांना शाळेत मराठी, हिंदी, इंग्रजी यांतून श्वास घ्यायला सवड मिळाली नाही. त्यात कुणाचा दोष काढावा हे मला कळत नाही. पण आजीचं पत्र नातीच्या हातात आहे, कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, आणि वाचणारं कुणी नाही. मी नेहमी छपाईच्या बाजूनं विचार करत आले, काय छापलं गेलं, कुणी छापलं. वाचता येणं ही विद्यासुद्धा राज्य बदललं की हातातून निसटू शकते, हे त्या रात्री मला पहिल्यांदा टोचलं. तिकिटावरची इंग्रजी अक्षरं आम्ही दोघींनी घडाघडा वाचली. माणसाचं पत्र तसंच घडी घालून ठेवलं.

परतताना बसमध्ये मला जोगलटेंभी आठवलं. गोदावरी आणि दारणा जिथं मिळतात ते सिन्नर तालुक्यातलं गाव. १९०६ मध्ये तिथं चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त नाणी. नहपान नावाच्या क्षत्रप राजाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाला हरवल्यावर त्यानं सगळं नाणं गोळा करून वितळवलं असतं तर ते कुणालाही समजण्यासारखं होतं. त्यानं तसं केलं नाही. आहे त्याच चांदीवर एका बाजूला चैत्य आणि आपलं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैनचं चिन्ह. अंजनेरीच्या नाणे संशोधन संस्थेत मी दर दोन-तीन वर्षांनी मुलांची सहल नेते. तिथं अशा नाण्याचं मोठं केलेलं चित्र बघितलं की मुलं आधी गोंधळतात. मग कुणी तरी बोट दाखवतं, "मॅडम, खाली नाक दिसतंय!" दिसतंच. चैत्याच्या रेषांखालून नहपानाचं नाक आणि हनुवटी वर येते. पुसट ग्रीक अक्षरंही दिसतात.

आणि याच नाशकात, पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात, गौतमीपुत्राच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, नातवाच्या १९ व्या राज्यवर्षात कोरून घेतलेला लेख आहे. त्यात ती आपल्या मुलाला म्हणते, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष करणारा. दगड म्हणतो, निःशेष. चांदी म्हणते, हा बघा, अजून खाली आहे. दहाव्या लेण्यात तर हरलेल्या पक्षाचा हिशेबच शाबूत आहे. नहपानाच्या जावयानं, उषवदातानं, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजानं, एक हजार शेकडा पाऊण व्याजानं, आणि त्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची आणि किरकोळ गरजांची सोय. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि फलकांवर नोंदवलं, असं लेखातच म्हटलं आहे. राज्य पालटलं तेव्हा विणकर तेच राहिले असतील, त्यांचे माग तेच. नव्या राजानं काय केलं? त्याच्या १८ व्या वर्षातला हुकूम भिंतीवर आहे. आजवर उषवदाताकडे असलेली २०० निवर्तनं जमीन आता भिक्षूंना दिली. जुन्या मालकाचं नाव न घेता नवा मालक सांगता आला असता. कारकुनानं ते नाव लिहिलं. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर जसं आधीच्या माणसाचं नाव कंसात जायचं, पण राहायचं, तसं.

मला त्या कारकुनाबद्दल, त्या ठसा मारणाऱ्या सोनाराबद्दल आणि आप्पांबद्दल एकच माया वाटते. राजे त्यांच्या डोक्यावरून गेले. त्यांच्या हातात होतं ते एवढंच, की नवं नाव बसवताना जुनं किती दिसू द्यायचं. बहुधा त्यांना तेही ठरवायचं नव्हतं. काम वेळेत द्यायचं होतं. पण त्यांच्या घाईतून, काटकसरीतून, हाताच्या सवयीतून जे उरलं त्यावर आज मी इतिहास शिकवते. या मायेच्या आत एक बोच आहे, ती लपवत नाही. जो हात पाकिस्तानसाठी ठसा उठवतो तो हात उद्या कुठल्याही राजासाठी कुठलाही ठसा उठवेल. आप्पांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं नसतं. १९४८ मध्ये ते चांगल्या कामाच्या बाजूला होते, हे माझं नशीब.

नोव्हेंबर २०१६ मध्ये हे मी अगदी जवळून बघितलं. ८ तारखेच्या रात्री देशातल्या नोटांपैकी किमतीनं सुमारे ८६ टक्के नोटा रद्द झाल्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्या भागातल्या एटीएमपुढे रांगा. माझा आतेभाऊ प्रेसमध्ये. त्याच्या सुट्ट्या रद्द, रविवारीही काम, नव्या पाचशेच्या नोटांवर नोटा. आणि त्याची आई, माझी आत्या, औषधाला सुटे पैसे हवेत म्हणून त्याच भिंतीपासून हाकेच्या अंतरावर सकाळी सहाला रांगेत उभी. भिंतीच्या आत लेक नोटा छापत होता, बाहेर आई नोटेची वाट बघत होती. थंडी होती. आत्यानं डोक्यावरून शाल घेतली होती आणि ती रांगेतल्या बायकांना सांगत होती, "छापतायत, रात्रंदिवस छापतायत, येतील." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, प्रेसवाल्यांच्या घरातला जुना अभिमान होता. मला तो आवाज ऐकवेना. पाच तास उभी राहून ती हात हलवत परत आली. त्या दिवशी आत्या माझ्याशी जेवतानाही बोलली नाही, आणि रात्री आतेभाऊ आला तेव्हा तिनं त्याला गरम पाणी काढून दिलं. तो पाय सोडून बसला. दारात त्याच्याही सदऱ्याचे खिसे बाहेर आलेले होते.

आता त्या भिंतीआड चिप बसवलेले पासपोर्ट तयार होतात. गंगेवरचा तो तिकीटवालासुद्धा मोबाइलवर पैसे घेतो, त्याच्या गोणपाटावर नाण्यांच्या शेजारी चौकोनी कोडचा पुठ्ठा उभा असतो. मला याचं वाईट वाटत नाही. आत्याला आता रांगेत उभं राहावं लागत नाही. पण रात्री एक विचार येतो. पडद्यावरची नोंद बदलते तेव्हा खालचं नाक दिसत नाही. ही जागा मोगलाईत गुलशनाबाद होती, पुन्हा नाशिक झाली, आणि जुन्या कागदांत दोन्ही नावं एकावर एक सापडतात. माझ्या विद्यार्थ्यांच्या हातात जे यंत्र आहे त्यात कालची पाटी आज उघडली तर आजचीच दिसते. पुढच्या उलथापालथीनंतर कुणा मुलाला "असं कसं?" असं विचारावंसं वाटेल असा डाग कुठं उरेल, ते मला अजून दिसत नाही.

पुढच्या बुधवारी मी लवकर गेले. भाजी घेतली नाही. तो मुलगा नव्हता. त्याच्या पुढच्याही बुधवारी नव्हता. तिसऱ्या बुधवारी मी घरून एक कागद लिहून नेला, वहीचं अर्धं पान. तिकीटवाल्याला म्हटलं, "भाऊ, ते लाल तिकीट आहे का अजून?" होतं. मी कागद पुढे केला. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग हळूहळू, ओठ हलवत वाचला. हे तिकीट चुकलेलं नाही. १९४७ मध्ये नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पाकिस्तानसाठी छापलं. त्यांच्याकडे छापखाना नव्हता म्हणून आपल्या कामगारांनी करून दिलं. भारताचं पहिलं तिकीट यानंतर निघालं.

"हे आपल्या प्रेसमधलं?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं, आणि माझे आजोबा तिथं मोजणीत होते, हेही सांगितलं. शेजारचा अडकित्तेवाला वळून बघू लागला. मी आवाज खाली आणला नाही.

त्यानं पाकीट उघडलं, कागदाची बारीक घडी घालून तिकिटामागे सरकवली. मग मागच्या डब्यात हात घालून आणखी दोन पाकिटं काढली, एक हिरवं तिकीट, एक जांभळं. "ताई, हे पण तसलेच आहेत. यांच्यासाठी पण लिहून द्या की."

जवळ दुसरा कागद नव्हता. त्यानं वर्तमानपत्राची कोरी कड फाडून दिली. मी घाटाच्या पायरीवर बसले, पिशवी मांडीवर आडवी घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागले.